पासंगाला पुरणारी माणसं

जानेवारीत महापालिकेची निवडणूक झाली, तेव्हा परळच्या एका चौकसभेत वक्त्याने समोरच्या उमेदवाराची वासलात एका वाक्यात लावली: "तो आमच्या पासंगालाही पुरायचा नाही." टाळ्या पडल्या. हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलो आहे, वापरतही आलो आहे. त्या रात्री मात्र ते मला खुपलं, कारण पासंग काय असतो हे आईने मला लहानपणी लालबागच्या बाजारात उभं करून दाखवलं होतं.

तेव्हा भाजी हातात धरायच्या तागडीने तोलली जाई. टोपलीला हात लावण्याआधी आई म्हणायची, "मावशी, आधी रिकामी उचला." मावशी रागवायची नाही, बाजाराचा तो रिवाजच होता. रिकामी तागडी उचलली की एक पारडं किंचित खाली यायचं. दोन पारडी कधीच अगदी सारखी नसतात. एकाचा पत्रा जाड, एकाची दोरी लांब, एकाला कालच्या बटाट्यांची माती. मग मावशी हलक्या बाजूच्या दोरीला चिंधीत बांधलेला खडा अडकवायची. दांडी सरळ व्हायची आणि त्यानंतरच किलोचं वजन पारड्यात पडायचं. पारड्यांतला तो मुळातला फरक म्हणजे पासंग, आणि तो भरून काढणारा खडाही पासंगच. खड्याला किंमत नाही, वजनही नावाला. पण तो बांधला नाही तर त्या दिवशीचं प्रत्येक माप खोटं.

अशा वस्तूला आपण तुच्छतेचं माप करून टाकलं आहे. हे एका वाक्प्रचाराचं नशीब म्हणून सोडून द्यावं असं मला वाटत नाही. मुंबईचा कारभार गेल्या काही वर्षांत ज्या तऱ्हेने चालला, त्याच्या मुळाशी आपली हीच सवय आहे: समोरून येणाऱ्या प्रत्येक जोराला आपण अडथळा म्हणतो. तो तोल सांभाळणारा जोर असू शकतो, हे आपल्या मनातच येत नाही.

एक शक्ती दुसरीला भिडते तेव्हा मराठीला शब्दांची वाण पडत नाही. शह आणि काटशह बुद्धिबळातले, खो मैदानातला, चीतपट आणि धोबीपछाड आखाड्यातले. शेरास सव्वाशेर, तोडीस तोड, काट्याने काटा. अडवण्यासाठी खीळ, पाचर, कोलदांडा, आणि पळपुट्या गुराच्या गळ्यात बांधायचं लोढणं. रोजचं वर्तमानपत्र याच शब्दांवर चालतं. प्रकल्पाला खीळ, प्रस्तावाला खो, मित्रपक्षाची कुरघोडी. न्यायालयाने साधे कागद मागवले, दोन प्रश्न विचारले, तरी मथळ्यात त्याचा दणका होतो, नाहीतर चपराक. या सगळ्या शब्दांत कुणीतरी जिंकतो आणि कुणीतरी हरतो, किंवा एक चालतो आणि दुसरा त्याला अडवतो. तिसरी शक्यता त्यांत मावत नाही.

ती तिसरी शक्यता सांगणारे शब्दही आपल्याकडे आहेत, पण ते बाजारातून, वहीखात्यातून, वैद्याच्या घरातून आलेले आहेत. हिशेबाचा ताळा पाहतात तो उलट्या बाजूने. पण ताळा पाहणारा काही बेरजेचा वैरी नसतो. वाहवत गेलेला माणूस भानावर आला की आपण म्हणतो, "आला एकदाचा ताळ्यावर." उतारा विषाच्या विरोधात जातो आणि देहाच्या बाजूने. आणि अंकुश! लालबागच्या मंडपात तासन्‌तास रांगेत उभे राहून आपण ज्याचं दर्शन घेतो, त्या गणपतीच्या हातांत पाश आणि अंकुश असतात. माहुताच्या हातातला अंकुश हत्तीला थोपवतो, तसाच वळवतो, तसाच पुढेही काढतो. अंकुश नसलेल्या हत्तीवर अंबारी चढवायला कुणी धजावणार नाही. सार्वजनिक वादात मात्र आपण आखाड्याची भाषा ठेवली आणि ही दुसरी भाषा टाकून दिली.

आमच्या इमारतीचं पुनर्बांधकाम पूर्ण होत आलं तेव्हा लिफ्ट बसवणाऱ्या कारागिराशी माझी ओळख झाली. शाफ्टमध्ये वाकून पाहिलं तर लिफ्टच्या डब्याच्या पाठीमागे लोखंडी ठोकळ्यांची एक चळत दोरांना टांगलेली. त्याला तो काउंटरवेट म्हणायचा. कोशातून 'प्रतिभार' असा शब्द काढता येईल, पण बोलण्यात तो कुणाच्याच नाही. डबा वर निघाला की ठोकळे खाली येतात, डबा खाली आला की ठोकळे वर जातात. त्यांचं वजन रिकाम्या डब्याइतकं, अधिक डब्यात मावणाऱ्या भाराच्या साधारण चाळीस ते पन्नास टक्के. त्यामुळे मोटरला सगळा भार उचलावा लागत नाही. दोन बाजूंतला फरक तेवढा उचलावा लागतो. कायम उलट्या दिशेने जाणारं हे वजन कापून टाकलं, तर त्या मोटरला भरलेला डबा धड वर नेता येणार नाही आणि खाली येताना तो नीट धरताही येणार नाही. परळ-वरळीच्या आभाळात उभ्या असलेल्या क्रेनकडे पाहा. लांब हातावर लोखंडाच्या सळया झुलताहेत, आणि मागच्या आखूड हातावर काँक्रीटचे ठोकळे निमूट बसलेत. सळया उचलल्या जातात त्या त्या ठोकळ्यांच्या भरवशावर. या शहरातला एकही मनोरा प्रतिभाराशिवाय बांधला जात नाही. शहर चालवताना मात्र आपण तो नकोसा मानतो.

मुंबईला हे एकदा फार चांगलं कळलं होतं. १८६५च्या कायद्याने शहराला म्युनिसिपल कमिशनर मिळाला आणि कारभाराची सूत्रं जवळजवळ पूर्णपणे त्याच्या हाती गेली. आर्थर क्रॉफर्ड हा माणूस धडाडीचा होता. रस्ते, गटारं, मंडया. त्याच्या नावाची मंडई, आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, अजून उभी आहे. पण खर्चाला धरबंध राहिला नाही, आणि कर भरणारे लोक १८७१पर्यंत इतके संतापले की क्रॉफर्डला जावं लागलं. त्या संतापाच्या भरात नागरिकांची मागणी साहजिकच अशी होती की कमिशनरचे हात बांधा, त्याचे अधिकार काढून घ्या. फिरोजशहा मेहता त्या वेळी सव्वीस वर्षांचे होते, नुकते बॅरिस्टर होऊन परतलेले. त्यांनी लोकांना न रुचणारी भूमिका घेतली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की अंमलबजावणी एका जबाबदार अधिकाऱ्याच्याच हातात राहू द्या, दोष त्याच्या ताकदीत नाही. त्याला जाब विचारणारी, करदात्यांनी निवडलेली सभा नाही, हा खरा दोष आहे. १८७२च्या कायद्याने चौसष्ट जणांची सभा आली, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. पुढे १८८८च्या कायद्याने सभा, स्थायी समिती आणि आयुक्त अशी रचना पक्की केली. आजही महापालिका त्याच कायद्यावर चालते, आणि मुख्यालयासमोर मेहतांचा पुतळा उभा आहे.

मला या गोष्टीचं मोल फार वाटतं. मेहतांनी क्रॉफर्डच्या गळ्यात लोढणं बांधायला सांगितलं नाही. समोरच्या पारड्यात वजन ठेवा, म्हणजे या माणसाची धडाडीही शहराच्या कामी येईल, असं सांगितलं. विरोध आणि तोल यांतला फरक एवढ्या नेमकेपणाने मुंबईत पुन्हा क्वचितच कुणी मांडला असेल.

आणि त्याच पुतळ्याच्या पाठीमागच्या इमारतीत ७ मार्च २०२२ला सभागृहाची मुदत संपल्यावर जवळजवळ चार वर्षं एकही नगरसेवक नव्हता. राज्यघटनेच्या २४३-यू या कलमात पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्या असं लिहिलेलं आहे. आरक्षणाचा वाद होता, प्रभाग रचनेचा वाद होता, कोर्टात तारखा होत्या. शेवटी मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ला. मधल्या काळात आयुक्त हेच प्रशासक होते. अर्थसंकल्प मांडणारेही तेच, मंजूर करणारेही तेच. २०२५-२६चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. २२७ प्रभागांतल्या एकाही निवडून आलेल्या माणसाने उभं राहून त्यातल्या एका ओळीवर प्रश्न विचारला नाही, कारण प्रश्न विचारायला तिथे कुणी नव्हतंच.

यावर एक उत्तर मी अनेक सुशिक्षित मुंबईकरांकडून ऐकलं: बरंच झालं, कामं पटापट झाली, नगरसेवक तरी काय करत होते? स्थायी समितीबद्दल शहरात काय बोललं जायचं ते मलाही ठाऊक आहे. पण खडा मळला म्हणून तो फेकून देऊन नुसत्या तागडीने तोलायचं, हा उपाय होत नाही. आई खडा बदलायला सांगायची, तागडी मोकळी सोडायला नाही. अधिकारी कितीही सचोटीचा असला तरी त्याच्या चुका त्याला स्वतःला दिसत नाहीत. ताळा दुसऱ्यानेच पाहायचा असतो, हे आपण चौथीच्या मुलाला सांगतो.

विधानसभेचंही तेच झालं. विरोधी पक्षनेतेपदासाठी संकेताने लागणाऱ्या एक दशांश जागा, म्हणजे २८८पैकी २९, नोव्हेंबर २०२४च्या निवडणुकीत विरोधातल्या एकाही पक्षाला मिळाल्या नाहीत, आणि २०२५च्या अधिवेशनांत विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली. मतदारांनी दिलेला कौल मान्यच आहे. पण एक पारडं इतकं जड झालेलं असताना दुसऱ्या बाजूला पासंगही बांधू नये, हे मला पटत नाही. उलट तेव्हाच तो हवा असतो. दोन्ही पारडी जवळपास सारखी असतील तर एखाद्या वेळी खड्यावाचून निभेल.

समोरच्या जोराने काम सुधारतं, याची उदाहरणं शोधायला मला लांब जावं लागत नाही. फेब्रुवारी २०१५मध्ये मुंबईच्या २०१४-३४ या वीस वर्षांच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला. त्यात उभ्या इमारतींवरून रस्ते काढले होते, वारसा वास्तू गायब होत्या. गिरगावपासून गोराईपर्यंत लोकांनी हजारो हरकती लिहिल्या. सोसायट्यांचे सेक्रेटरी, कोळीवाड्यांतले लोक, वास्तुशास्त्राचे विद्यार्थी नकाशे पसरून बसले होते. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा दुरुस्तीसाठी परत पाठवला, पुढच्या वर्षी सुधारित मसुदा आला, आणि २०१८मध्ये आराखडा मंजूर झाला. तेव्हाही 'आराखड्याला खीळ' म्हटलं गेलं. मला तर वाटतं, मुंबईच्या नियोजनात सामान्य माणसांनी इतकं चोख काम त्याआधी फार कमी वेळा केलं असेल, आणि तेही फुकट.

वरळी कोळीवाड्याची गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. कोस्टल रोडला सागरी सेतूशी जोडणाऱ्या पुलाच्या खांबांमधून क्लीव्हलँड बंदराच्या होड्यांना समुद्रात जायचं होतं. आराखड्यात दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर होतं, आणि कागदावरच्या हिशेबाने ते पुरेसं होतं. कोळी बांधवांचं म्हणणं असं की शांत पाण्यात होडी सरळ जाते. वारा फिरला, भरतीची ओढ लागली, की ती बाजूला सरकते, आणि तिथला तळ खडकाळ आहे. पिढ्यान्‌पिढ्या त्या तोंडातून आत-बाहेर करणाऱ्या माणसाला जे ठाऊक असतं, ते नकाशा काढणाऱ्याला ठाऊक नसतं, यात नकाशा काढणाऱ्याचा अपमान नाही. त्यांनी होड्या आडव्या घातल्या, काम अडलं, त्यांना विकासविरोधी ठरवण्यात आलं. डिसेंबर २०२२मध्ये सरकारने मान्य केलं, मधला खांब गाळला, अंतर १२० मीटर झालं. मार्च २०२४मध्ये कोस्टल रोडचा पहिला टप्पा सुरूही झाला. गाड्या वरून जातात, होड्या खालून जातात. याला 'सरकार झुकलं' म्हणणारे चुकतात आणि 'कोळ्यांनी अडवलं' म्हणणारेही चुकतात. दांडी सरळ झाली, एवढंच झालं.

एका शब्दाबद्दल मात्र सावध राहायला हवं, कारण तो तोल राखल्याचा आव आणतो. तो शब्द भरपाई. झाड तोडा, दुसरीकडे झाडं लावा. जागा घ्या, तिच्याबदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे तेवढं बांधकाम करण्याचा हक्क, द्या. १९९१च्या नियमावलीने टीडीआर आणला तेव्हा त्याची अट अशी होती की हक्क जिथे निर्माण झाला त्याच्या उत्तरेकडे उपनगरात वापरायचा. शहराच्या एका भागात रस्त्यासाठी जागा गेली, आणि त्याच्या मोबदल्याचे मजले चढले भलतीकडच्या गल्लीवर, तिथल्या पाण्यावर, तिथल्या स्टेशनच्या जिन्यावर. हिशेबाच्या वहीत दोन्ही बाजू जुळतात, पण उचलणारा खांदा वेगळा असतो. पासंग त्याच तागडीला बांधायचा असतो. शेजारच्या गाळ्यातल्या तागडीला बांधून आपलं माप खरं होत नाही.

गिरण्यांच्या जमिनींचं तर बोलूच नये असं वाटतं, पण बोलायला हवं, कारण माझं बालपण त्या भोंग्यांवर मोजलेलं आहे. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि तो संप मोडला तेव्हा मुंबईतलं सगळ्यात मोठं उलट वजन नाहीसं झालं. १९९१च्या नियमाने जमिनीची विभागणी तरी बरी ठरवली होती: एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. २००१मध्ये त्यात एक दुरुस्ती झाली. तीन हिस्से करायचे ते फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीचे. शेडखालची जमीन हिशेबाबाहेर. उच्च न्यायालयाने हा बदल अडवला, पण २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. ज्या परळ-लोअर परळला मैदानं मिळायची होती, तिथे आज काय आहे ते लोकलच्या दारातूनही दिसतं. कामगारांची ताकद शाबूत असती तर त्या दुरुस्तीवर एवढ्या शांततेत सही झाली असती, असं मला वाटत नाही.

आता उलट बाजूही मांडली पाहिजे. प्रत्येक हरकत पासंग नसते. पारड्याखाली लाखेचा गोळा चिकटवणारेही असतात. पुनर्विकासात शेवटपर्यंत सही अडवून जास्तीची खोली पदरात पाडून घेणारा माणूस प्रत्येक सोसायटीला माहीत आहे. हरकत मागे घेण्याचे पैसे घेणारेही या शहरात होऊन गेले. आणि उशीर ही खरी किंमत असते, ती म्हातारी माणसं आणि भाड्याच्या घरातली लेकरं मोजतात. फरक ओळखायची माझी कसोटी साधी आहे. पासंग सगळ्यांदेखत बांधतात. रिकामी तागडी उचलून दाखवता येते. ज्याची हरकत कागदावर, कारणासकट, सभेसमोर येते आणि जिचं उत्तर मिळालं की ती संपते, तो तोलणारा माणूस. ज्याची हरकत दाराआड मिटते, तो नव्हे.

हे मी शिकलो आमच्या तळमजल्यावरच्या काकांकडून. ते बँकेतून निवृत्त झालेले. विकासकाशी करार ठरला तेव्हा त्यांनी एकट्याने हात वर केला: सहकार कायद्याच्या ७९-अ खालच्या सूचनांप्रमाणे प्रकल्प खर्चाच्या वीस टक्के बँक हमी घेतल्याशिवाय घरं रिकामी करू नका. विकासकाने तोंड वाकडं केलं. आम्ही त्यांच्यावर चिडलो. "काका, तुम्ही खीळ घालताय," असं भर सभेत म्हणणारा मी होतो. आठ महिने गेले त्यात. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी नव्या घराची किल्ली हातात येण्याआधी वारल्या. काही जण त्याचा दोष आजही काकांना देतात आणि त्यांच्याशी बोलत नाहीत. पण पुढच्याच वळणावरच्या इमारतीने हमी न घेता घरं सोडली. तिथे खड्डा आहे, पावसाळ्यात त्यात पाणी साठतं, आणि भाडं बंद झालेली कुटुंबं कल्याण-विरारला विखुरली आहेत. आम्ही घरात आहोत. आजींसाठी मला वाईट वाटतं, आणि काकांना म्हटलेल्या त्या शब्दासाठीही.

म्हणून मी मागतो ते फार थोडं आहे. सभागृह आता भरलं आहे. तिथे बसलेल्या विरोधी बाकांनी आखाडा न करता ताळा पाहावा, आणि सत्तेतल्या बाकांनी त्यांना तेवढा अवधी द्यावा. हरकती-सूचना मागवल्या जातात, सुनावणी होते, नाव पुकारलं जातं, दोन मिनिटं मिळतात. त्यानंतर त्या हरकतीचं काय झालं हे कारणासकट लेखी कळलं पाहिजे आणि ते सगळ्यांना वाचता आलं पाहिजे. हरकत फेटाळा, पण का ते सांगा. विरोधी पक्षनेत्याचं पद संख्येच्या संकेतावर न टांगता सर्वात मोठ्या विरोधी गटाला द्या. आणि मथळे लिहिणाऱ्या मित्रांना विनंती आहे की प्रश्न विचारणाऱ्या माणसाला 'खीळ' म्हणण्याआधी त्याचा प्रश्न एकदा वाचा.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुना पर्जन्यवृक्ष आहे. मागच्या आठवड्यात त्याच्या बुंध्याला नोटीस लागली: रस्ता रुंदीकरणासाठी तोडण्याचा प्रस्ताव, हरकतीसाठी सात दिवस. रस्ता अरुंद आहे, शाळेच्या बसला वळायला त्रास होतो, हे खोटं नाही. काका आता शहाऐंशीचे आहेत. त्यांनी मोजपट्टी घेऊन नातवाकडून फूटपाथ मोजून घेतला आणि झाड ठेवून रस्ता पाच फूट कसा सरकवता येईल याचा साध्या कागदावर नकाशा काढला. काल संध्याकाळी तो अर्ज घेऊन ते जिन्यात भेटले. चष्मा पुसत म्हणाले, "आठ महिने लागणार नाहीत बरं का या वेळी." खाली सह्यांसाठी रेघा आखलेल्या होत्या, सगळ्या कोऱ्या. पहिल्या रेघेवर मी सही केली.